शेफकेतच्या वाट्याचं ऊन

सायप्रसमधली शेती गावोगाव फिरून टिपून ठेवणारे कृषी अधिकारी पिएरिस म्हातारा लोइझो छाटत असलेल्या जैतुनाच्या झाडापाशी थबकले.

"लोइझोकाका, ही छाटणी म्हणायची की हजामत? फळ कुठे धरणार?"

"खालच्या गव्हावर सावली पडते."

"गहू कुठाय? नुसते काटे माजलेत."

"झाड माझं, पण खालची जमीन त्या तुर्क शेफकेतची. इथली रीतच ती. 'फांद्या छाट' म्हणून जन्मभर बोंबलला बिचारा. मी हट्टाने एक डहाळी तोडली नाही."

"अहो, पण युद्धात बेट दुभंगलं, तुर्क सगळे तारेच्या कुंपणापलीकडे गेले. आता कोण बोंबलतंय?"

म्हाताऱ्याने उरलेल्या फांदीला करवत लावली.

"तो इथे होता तेव्हा मला ऐकू येत नव्हतं, साहेब."