दुपारचा खेळगडी

प्रेमदासनं शेवटचा स्क्रू आवळला आणि हात पुसले. व्हिडिओ गेमच्या मशीनचा पुढचा पत्रा त्यानं उलटा फिरवून बसवला होता. डाव्या हाताची जॉयस्टिक आता उजवीकडे आली होती आणि उजव्या हाताची बटणं डावीकडे. आतल्या तारा त्यानं नीट जुळवून दिल्या होत्या, त्यामुळे मशीन बिघडली असं कोणी म्हणू शकलं नसतं. फक्त ज्या हातांना तिची सवय झाली होती, ते हात आज फसणार होते.

ते हात कोणाचे, एवढंच त्याला पाहायचं होतं.

वर्ध्यात स्टेशनजवळच्या गल्लीत त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दिवाळीआधी त्यानं नागपूरहून ही जुनी मशीन आणली, दुरुस्त केली आणि दुकानात लावली. संध्याकाळी कॉलेजची पोरं गर्दी करायची. पण प्रेमदाससारखी विमानं कोणी पाडत नसे. दिवसातला सगळ्यात मोठा आकडा पडद्यावर वरच्या बाजूला राहायचा आणि तो त्याचाच असायचा. पोरं घरी गेली तरी तो मशीनपुढून उठत नसे.

दुपारी मात्र तो टीव्हीचे अँटेना बसवायला गावभर छपरांवर चढायचा. तेवढा वेळ त्याची बायको पंचफुला दुकान सांभाळायची. गेल्या महिन्यापासून तो परतला, की सकाळी निघण्याआधी खेळून ठेवलेला त्याचा आकडा पडद्यावर नसायचा. त्याच्याहून मोठा, भलताच कोणाचा तरी असायचा.

"कोन आलतं?" त्यानं पहिल्यांदा विचारलं, तेव्हा पंचफुला काउंटर पुसत होती.

"येते कोनी कोनी. मी का नाव इचारत बसू?" असं ती म्हणाली आणि गालातल्या गालात हसली.

आधी त्याला त्या आकड्याचंच वाईट वाटलं. आपल्या मशीनवर, आपल्यामागं, कोण हा एवढा? मग ते हसू त्याच्या डोक्यातून जाईना. पूर्वी दुकानात बस म्हटलं, की तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. आता ती सकाळीच स्वयंपाक उरकून, वेणीफणी करून तयार असायची. भांडी घासताना गुणगुणायची. एकदा छपरावर अँटेना फिरवता फिरवता त्याचा हात तसाच थांबला. खालून घरमालक ओरडत होता, "आलं, चित्र आलं!" प्रेमदासला ऐकूच आलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र होतं. स्टुलावर कोणी गोरागोमटा पोरगा बसलेला, आणि मागं त्याच्या खांद्यावरून वाकून पाहणारी पंचफुला.

काल त्यानं समोरच्या पानठेल्यावर रामाजीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी माह्या दुकानात गिऱ्हाईक राह्यते का?"

"दुपारी तर तुह्यं शटर अर्धं खाली राह्यते, बाबू," रामाजी चुना लावत म्हणाला.

त्यानंतर प्रेमदासच्या घशाखाली घास उतरला नाही.

आज तो नेहमीसारखा पाइप आणि तारा सायकलला बांधून निघाला. एका छपरावर चढला, अर्ध्यातच उतरला आणि परत फिरला. शटर खरंच अर्धं खाली होतं. आतून मशीनची टिंवटिंव ऐकू येत होती. आणि पंचफुलाचा आवाज, लाडानं रागावल्यासारखा, "अरे, तिकडे नाई, इकडे! मरते ना आता! सांगतलं तर आयकतच नाई!"

प्रेमदासच्या कानशिलात कढत रक्त चढलं. त्यानं एका झटक्यात शटर वर केलं.

पंचफुला दचकून वळली. स्टुलावर तीच बसली होती. पदर कमरेला खोचलेला. हात एकमेकांवरून आडवे टाकलेले, डावा उजवीकडच्या दांडीवर, उजवा डावीकडच्या बटणांवर. ज्याला ती रागावत होती, ते तिचं विमान पडद्यावर फुटत होतं.

प्रेमदासनं काउंटरमागं पाहिलं. मशीनमागं वाकून पाहिलं.

"कुठं हाय तो?"

"कोन तो?"

"रोज खेळाले येते तो!"

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिची नजर पत्र्यावर गेली, स्क्रूंवरच्या ताज्या ओरखड्यांवर गेली. तिला सगळं कळलं. उठून उभी राहिली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"हे तुमी उलटं केलं? मले धरासाठी?"

त्यानं उलट विचारलं, "मंग शटर काऊन खाली घेते?"

"बाई मानूस गेम खेळते म्हनून सारी गल्ली पाहाले येईल, म्हनून."

"मले तरी सांगाचं होतं."

"काय सांगू? तुमच्या आकड्यावर माहा आकडा चढला म्हनून? जेवले असते तुमी त्या दिवशी?"

प्रेमदास खाली बसला. छातीवरचा धोंडा उतरला होता, तरी शरमेनं मान वर होत नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला, "पन तुले हे खूळ लागलं कुठून?"

पंचफुलानं खोचलेला पदर सोडला आणि खांद्यावर सारखा केला.

"लग्न होऊन आली तवापासून पाहून राह्यली मी. ही मशीन आली, तवा समजलं तुमाले असं टक लावून पाहता येते ते. माह्याकडे कधी पाह्यलं नाई तसं," ती म्हणाली. "म्हटलं, हिच्यात असं काय हाय, ते आपनच पाहून घ्यावं."