चिमणीचा ससा

भर दुपारी खिडक्यांचे पडदे ओढून बाबा नव्या प्रोजेक्टरची निळी चौकट भिंतीवर सरळ करत होता. एक कोपरा बसला की दुसरा रुसायचा.

"स्क्रू त्याचे ढिले आहेत की तुझे?" आईने टोमणा मारला आणि झोतात हात धरून ससा केला. भिंतीवर ससा कान हलवू लागला.

"आता मी!" त्यांची लेक चिमणी धावली. तिने तशीच बोटं जुळवली.

भिंत निळीच राहिली.

"भिंगाजवळ ये गं," आई म्हणाली.

ती आली. निळा उजेड तिच्या फ्रॉकवर पडला. आणि तिच्या मागच्या भिंतीवरही.

आईचं हसू मावळलं. "अरे, बघ ना काय झालंय!"

बाबाने फोकस फिरवला. उजेड वाढवला, कमी केला. त्याला तेवढंच येत होतं.

"बाबा, माझा ससा का येत नाही?"

"येईल हं, सोन्या. सेटिंग चुकलंय." त्याने तिचं मनगट धरून झोतात उंच केलं. मनगट ऊबदार होतं, घामेजलेलं.

भिंतीवर फक्त त्याची अर्धवट मिटलेली मूठ उमटली.

"घट्ट धर तिला," आई पुटपुटली.

त्याने होता नव्हता तेवढा जोर लावला.

भिंतीवरची मूठ पूर्ण मिटली.