सरावाचा तास

"कनेक्शन तोडू का? लवकर सांगा!" दारातला माणूस धापा टाकत होता. "तिसऱ्या मजल्यावरच्या फायली एकेक करून कुलूपबंद होतायत. कुणीतरी आत शिरलंय!"

वर्गात हशा पिकला. माणूस गोंधळून सगळ्यांकडे बघत राहिला.

धाकटी मात्र हसली नाही; घरातलं हे नाव तिला वर्गातही चिकटलं होतं. आज 'सुरक्षा प्रमुख' ही पाटी तिच्या टेबलावर होती. संस्थेची संगणक-सुरक्षा सांभाळणाऱ्या मॅडम पदव्युत्तर वर्गाला सायबर सुरक्षा अशीच शिकवत. घडून गेलेलं एखादं प्रकरण घ्यायचं, एकाला प्रमुखाच्या खुर्चीत बसवायचं, सगळ्यांचे फोन दाराजवळच्या डब्यात टाकायला लावायचे, आणि मग नाटकमंडळीतला कुणी अनोळखी चेहरा वाईट बातमी देऊन आत धाडायचा. कधी घाबरलेला कारकून, कधी चिडलेलं गिऱ्हाईक. मॅडम स्वतः मागाहून येत आणि निर्णयाची चिरफाड करत.

मागच्या खेपेला चिरफाड झाली ती धाकटीचीच. धोक्याचा नुसता वास आला आणि तिने खेळातल्या अख्ख्या इस्पितळाचं नेटवर्क बंद करून टाकलं होतं. "उंदीर दिसला म्हणून घर पेटवतात का गं?" मॅडम म्हणाल्या होत्या. भर वर्गात. दुधाने तोंड पोळलेली धाकटी आज ताकही फुंकून पिणार होती.

"तिसऱ्या मजल्यावरचं नेमकं कोणतं काम?" तिने शांतपणे विचारलं.

"लहान मुलांच्या फुप्फुसांवर संशोधन चालतं ना, ते. त्या बाई रडतायत तिथे. आत्ता तोडलं तर अर्धं तरी वाचेल. पण मी नवीनच लागलोय, परवानगीशिवाय हात लावता येत नाही मला. मॅडम कुठेयत?"

त्या बाई म्हणजे धाकटीची ताई, याच इमारतीत वर काम करणारी. वर्षानुवर्षं गावोगाव हिंडून ताईने आजारी मुलांचे श्वास मोजले होते. त्यातली काही मुलं आता राहिली नव्हती. त्यांचे श्वास पुन्हा मोजता येणार नव्हते.

"दुसरी प्रत असेल ना?"

"आहे. पण तीही त्याच नेटवर्कवर."

इथे धाकटीला मनोमन मॅडमचं कौतुक वाटलं. काय तयारी करून आल्यात! घरचं माणूस मध्ये आणलं की प्रमुखाचा पाय घसरतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. तो घसरू द्यायचा नव्हता.

"मॅडम नाहीत. प्रमुख मी आहे," ती म्हणाली. "कुणी रडतंय म्हणून निर्णय घ्यायचा नसतो. आधी पुरावा आणा. किती फायली गेल्या, कुठून सुरुवात झाली, सगळं. तोवर कनेक्शन चालू राहू दे."

माणसाने पाटीकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाल तसं," एवढंच बोलून तो जिन्याकडे धावला.

"काय काम करतो राव!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "घामसुद्धा खरा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डब्यात एक फोन थरथरत होता. थांबायचा, पुन्हा थरथरायचा. पण नियम म्हणजे नियम, कुणी उठलं नाही. धाकटी फळ्यावर आपल्या निर्णयाची कारणं लिहू लागली. अक्षर सुरेख येत होतं. संध्याकाळी ताईला सांगायचं, तुझं नाव काढलं तरी मी डगमगले नाही. ताई हसेल, वेणी ओढेल.

फळा भरत आला तेव्हा मॅडम आत आल्या. मागे एक अनोळखी गृहस्थ होते, गळ्यात नवंकोरं ओळखपत्र अडकवलेले.

"उशीर झाला, माफ करा. ह्यांची गाडी चुकली," मॅडम म्हणाल्या. "हे आजचे आपले बातमी आणणारे. चला, करू या सुरुवात."