गुडघ्यावरची खूण

शर्यत जिंकलेल्या मुलीचा फोटो फोटोग्राफरने मोठ्या हौसेने काढला खरा, पण कमरेपासून खाली तो हलला होता. पोस्टर तर सकाळी मैदानाच्या दारावर लागायचं होतं. मग त्याने चौथ्या आलेल्या मुलीच्या फोटोतले पाय उचलून हिला जोडले. जोड इतका बेमालूम, की प्रशिक्षकांनीही त्याची पाठ थोपटली.

सकाळी एक बाई पोस्टरपुढे बराच वेळ उभी होती.

"तुमची मुलगी का?" त्याने फुशारकीनेच विचारलं.

"चेहरा नाही." तिने चित्रातल्या गुडघ्यावर बोट टेकवलं. "ही खूण बघा. इथे सात टाके पडले होते. पुन्हा धावायला लागेपर्यंत सहा महिने हा गुडघा मी रोज चोळून दिलाय."

त्याला मान वर करवेना. "ताई, चुकलंच माझं. आत्ता उतरवतो."

"नको, राहू दे. जिंकलेल्या पोरीचा काय दोष?" मग तीच संकोचून म्हणाली, "घरात लावायला एक प्रत मिळेल का? खालची अर्धी दिलीत तरी चालेल."