निळी बडीशेप

यांतीन सुपाचं भांडं घेऊन पवनचक्कीच्या सज्जावर आली, तशी वुब्बोने घाईघाईने तोंड पुसलं आणि आयलर्टने एक डबा पिठाच्या पोत्यामागे सारला. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातला प्रकार.

"शनिवार आहे," ती म्हणाली. "वाराही आहे. मग चक्की उभी का?"

पडायला आलेली ही जुनी चक्की गावातल्या हौशी, बिनपगारी फौजेने पुन्हा उभी केली होती. दर शनिवारी तेच ती चालवायचे. त्यांचा म्होरक्या रुलॉफ, यांतीनचा नवरा. तो जाऊन नऊ दिवस झाले, दफनही उरकलं, तरी पाती अजून शोकाच्या खुणेतच होती. कुणी गेलं की वरचं पातं ऐन उभं न ठेवता हातभर पुढे गेल्यावर थांबवायचं, ही रीत. आनंदाची बातमी असली की तेच पातं उभं व्हायच्या हातभर अलीकडे थांबवायचं. दफन झालं की चक्की पुन्हा फिरायला हवी, हेही सगळ्यांना ठाऊक. पण ब्रेकचा दोर रुलॉफचा. त्याला हात लावायला कुणी धजत नव्हतं.

"तुझ्या स्वयंपाकघरातून दिसतं ना, म्हणून..." वुब्बो चाचरला.

"दिसतं. रोज सकाळी पहिलं तेच दिसतं." यांतीन जवळ आली. "वुब्बो, मिशीत निळी बडीशेप कुणाच्या घरची?"

साठीचा वुब्बो कानापर्यंत लाल झाला. मूल झालं की लोणी लावलेल्या टोस्टवर साखरेतली बडीशेप पेरून वाटायची. मुलगा असला तर निळी.

"पहाटे झाला आम्हाला, काकू," आयलर्ट मान खाली घालून म्हणाला. "हिस्का बरी आहे. तुम्हाला आज सांगायचं नव्हतं."

"का? मी काय पोराला खाणार होते?"

तिने कालव्यापलीकडे, आयलर्टच्या घराच्या माडीकडे पाहिलं. या पात्यांची शिडं हिस्कानेच शिवली होती. "खाटेवरून बघत असेल ती. तिच्या लेकाला पाती अशी दाखवायची?"

आयलर्टचा चेहरा उजळला. "दोन हात मागे ओढलं की झालं! आम्ही दोघं आत्ता..."

"मागे?" यांतीनचा आवाज चढला. "चाळीस वर्षांत रुलॉफने कधी चक्की उलटी फिरवली? पुढेच जाऊ दे. पुढचं पातं येतंच आहे."

भांडं खाली ठेवून तिने दोर धरला. रुलॉफच्या हातांनी तो एका जागी काळा पडला होता. तिची मूठ नेमकी तिथेच बसली, आणि मग तिला काही करवेना. हा दोर ओढला की तो खरंच गेला. आयलर्टने पात्याची साखळी सोडली. घाई कुणीच केली नाही.

तिने दोर ओढला. वर लाकूड करकरलं आणि ब्रेक सुटला. शोकातलं पातं हळूहळू खाली गेलं, दुसरं वर आलं.

"आता, काकू!"

तिने ते जाऊ दिलं. तिसरंही. चौथंही.

"एक फेरा त्याचा," ती म्हणाली.

मग नऊ दिवस थांबलेलं तेच पातं पुन्हा वर येऊ लागलं. यांतीनने ब्रेक लावला. पातं रेंगाळत, थरथरत, उभं व्हायच्या हातभर अलीकडे थांबलं. पलीकडच्या खिडकीत हिस्काने दुपट्यातलं बाळ उंच धरलं.

यांतीनने एप्रनने डोळे पुसले, नाक पुसलं आणि वुब्बोपुढे हात पसरला.

"आता काढ माझा टोस्ट पोत्यामागून."