तळाचे ठसे

"ज्यांनी जग घरी आणलं, त्या बाबांना." मुलीने पहिल्या पानावरची ओळ मोठ्याने वाचली आणि आईने सुई इतक्या जोरात खुपसली, की कागदाच्या घडीला भलतंच भोक पडलं.

जेवणाच्या टेबलावर कागद, शाई आणि दोऱ्यांचा पसारा होता. मुलगी हाताने पुस्तक करत होती. बाबांनी परदेशातून आणलेल्या वस्तूंचं पुस्तक. डाव्या पानावर वस्तूची गोष्ट, उजव्या पानावर तिचा ठसा. शिवण आईकडे. दुसरं कोण शिवणार म्हणा.

बाबा जहाजावर मेकॅनिक होते. आता खुर्चीत बसून चहावर चहा रिचवत गोष्टी सांगत होते. लाकडी उंट घेतला, तेव्हा म्हणे वाळूचं वादळ सुटलं होतं. पत्र्याचा मनोरा गुडघाभर बर्फातून चालत जाऊन आणला. होडी तर बेटावरच्या कारागिराने डोळ्यांदेखत रंगवून दिली. जिभेला हाड नाही म्हणतात ते असं.

"मी आलो की तुम्ही पोरं बॅगेवर तुटून पडायचात," ते म्हणाले. "पण तुझी आई! आधी स्वतः धुणं काढणार, मगच तुम्हाला हात लावू देणार."

"लिही ना तेही," आई म्हणाली. "सोन्याच्या अक्षरांत लिही."

तिने दोरा कापला आणि कात्री टेबलावर आपटली. कात्री जुनी, एका पात्याचं टोक तुटलेलं.

"वरची बाजू सगळेच बघतात. मी तळ छापणार," म्हणत मुलीने उंटाच्या तळाला शाई लावली आणि कागदावर दाबला. ठशात दोन ओरखडे उमटले. एक बारीक आणि खोल, एक बोथट आणि पसरट. मग मनोरा दाबला. तेच दोन ओरखडे. होडीलाही तेच.

"बाबा, वाळवंटातला, बर्फातला, बेटावरचा, सगळे दुकानदार तळ एकसारखाच खरवडायचे?"

"असेल बाई. जुनी गोष्ट." बाबांनी रिकामा कप तोंडाला लावला.

मुलीची नजर कात्रीवर गेली. तिने ती उघडली आणि होडीच्या तळावर टेकवली. दोन्ही टोकं ओरखड्यांत चपखल बसली.

"आपल्या चौकातल्या दुकानाची लेबलं चिवट असतात, खरवडूनच काढावी लागतात," आई म्हणाली. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "पोरं दाराकडे डोळे लावून बसायची, म्हणून धुणं काढताना तिथून आणलेली वस्तू मीच बॅगेत ठेवायचे. हे कुठून आलं, असं या गृहस्थांनी एवढ्या वर्षांत एकदा विचारलं नाही. आयत्या बिळावर नागोबा. आणि वर आज मला वादळं ऐकवतायत."

मुलीने पहिलं पान पुढ्यात ओढलं. ओळीकडे बघत विचारलं, "मग बाबा काय आणायचे?"

आईने सुईत नवा दोरा ओवला.

"धुणं."