‘पिरगाळणे’ची चिठ्ठी

कोशकारानं बायकोचा उजवा हात पाठीमागे पिरगाळला आणि तिचं कपाळ टेबलावरच्या कोशाच्या चिठ्ठ्यांवर दाबलं. सगळ्यात वर ‘नम्र’ची चिठ्ठी होती.

गुन्हा काय, तर ‘परिणाम’सुद्धा ‘नम्’वरूनच आलाय, म्हणजे वाकण्यावरूनच, असं ती काल छापखान्यात सगळ्यांदेखत बोलली होती. वर ते बरोबरही निघालं. तेच तर झोंबलं.

“चारचौघांत मला शिकवतेस? म्हण, चुकले.”

“अहो, मोडेल हात.”

“म्हण.”

मनगटात काडकन वाजलं. “चुकले,” ती म्हणाली. त्यानं हात सोडला, बाह्या सारख्या केल्या आणि चहा मागितला. विद्वान माणूस, राग फार वेळ धरून बसत नसे.

वाकण्याच्या कुळातले शब्द आज दहा वाजता द्यायचे होते. उरलेल्या चिठ्ठ्या तिनं डाव्या हातानं लिहिल्या. शब्द, मूळ, अर्थ आणि बोलण्यातलं उदाहरण. उदाहरणं पहिल्यापासून तिच्याकडेच. ती त्यानं कधी वाचली नव्हती, कान देऊन ऐकलीही नव्हती. त्याच्या लेखी मूळ ते खरं, बाकी सगळा पालापाचोळा.

दहाला छापखान्यातल्या मुद्रितशोधक बाई आल्या. रीत ठरलेली होती. बाईंनी चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, कोशकारानं ‘कायम’ म्हणायचं, बाईंनी सही ठोकायची. मग ब्रह्मदेव आला तरी त्यातला कानामात्रा हलत नसे.

“वाकडा. मूळ, वक्र. उदाहरण, काल दुपारपासून त्यांचं तोंड वाकडं आहे.”

“कायम,” कोशकार पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

“वाकवणे. मूळ तेच. उदाहरण, सकाळी त्यांनी मला टेबलावर वाकवलं.”

“कायम.”

बाई थांबल्या. बायकोच्या हाताभोवती ओला टॉवेल गुंडाळलेला होता, आणि बाहेर आलेली बोटं टम्म सुजलेली. पुढची चिठ्ठी बाईंनी सावकाश वाचली.

“पिरगाळणे. मूळ, अज्ञात. उदाहरण, नवऱ्यानं माझा हात पिरगाळला आणि मनगट मोडलं.”

“कायम,” तो म्हणाला. मग पेपर खाली आला.

बाईंनी सही केली, तारीख घातली, घड्याळ बघून वेळही घातली. चिठ्ठी छापखान्याच्या पाकिटात न टाकता पर्समध्ये ठेवली.

“चपला घाला,” त्या बायकोला म्हणाल्या. “आधी दवाखाना, मग पोलीस चौकी.”

कोशकार दारात आडवा आला. “ती चिठ्ठी द्या इकडे. मूळ तपासायचं राहिलंय.”

बायकोनं डाव्या हातानं त्याला बाजूला सारलं.

“कायम म्हणालात ना?” ती म्हणाली.